नवसाचे कच्चे रोडगे

मला आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा घरच्यांनी खूप जपलं, आणि बरा झालो तेव्हा त्याहून जास्त जपलं. पहिलं जपणं मी निमूट सोसलं. दुसऱ्यानं मात्र जीव मेटाकुटीला आला. ऑपरेशन झालं, अकोल्याच्या दवाखान्यात सलाईनमधून औषधं चढवून झाली, डॉक्टर म्हणाले, आता तपासणीपुरते येत जा. मी खुशीत घरी आलो, तर ओसरीत माझ्यासाठी नवीकोरी प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवलेली. मरून रंगाची, हातांची, पाठीला उशी बांधलेली. बायको म्हणाली, "बसा." या एका शब्दात तिनं माझ्या उरलेल्या आयुष्याची सगळी व्यवस्था लावून टाकली होती.

त्या खुर्चीवर बसलं की माणसाचा फोटो होतो. येणारा-जाणारा थांबतो, निरखून बघतो, "आता बरं हाय नं?" विचारतो, आणि हार घालायचं तेवढं बाकी ठेवून पुढं जातो. संग्रामपूरच्या अलीकडं आमचं गाव. शेत तिथून आणखी सातपुड्याच्या बाजूला. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, थोडी तूर. जन्मभर मी त्या शेतात नुसता उंडारलो, म्हणजे कामाच्या नावाखाली. अशा माणसाला ओसरीत बसवून त्याच्यापुढं डाळिंबाच्या दाण्यांची वाटी ठेवणं ही शिक्षाच.

त्यात एक भानगड होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. औषधानं रोगाचा बंदोबस्त केला, पण जाता जाता माझ्या नसांनाही हात दाखवला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की बोटांना मुंग्या येतील, बधिरपणा येईल, थंड वस्तू सोसणार नाही, काही झालं तर लगेच सांगायचं. मी मान डोलावली. डॉक्टरांपुढं मी फार छान मान डोलावतो.

थंडीचं प्रकरण सगळ्यांना माहीत झालं, कारण ते लपवण्यासारखं नव्हतंच. इंजेक्शनं चालू असताना एकदा मी फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी काढायला गेलो आणि अशी काही बोंब ठोकली, की बायकोनं स्वयंपाकघरातून लाकडी पोळपाट घेऊनच धाव घेतली. बोटांपासून कोपरापर्यंत सणसणून करंट गेला होता. तिनं मेन स्विच पाडला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं फ्रिज भिंतीपासून ओढला, मागचं सगळं उघडलं, टेस्टर लावला, स्वतः दहा वेळा हात लावून पाहिला. शेवटी मला म्हणाला, "काका, तुम्ही लावा बरं हात." मी लावला, आणि पुन्हा बोंब. टेस्टर खिशात ठेवत तो म्हणाला, "काकू, फ्रिजले काही नाही झालं. काकांचीच अर्थिंग गेली हाय."

इंजेक्शनं संपली तशी ही थंडीची कळ मात्र खरंच गेली. तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की बाकीचंही सगळं गेलं.

बायकोनं रोखून विचारलं होतं, "हातापायाचं काही राह्यलं असन तं आताच सांगा. मंग गाडीची किल्ली मी देत नाही."

"काही नाही राह्यलं. बोटं अगदी पह्यल्यावानी."

बोटं पहिल्यासारखी नव्हती. कोणाची तरी बोटं मला उसनी दिलीत आणि त्यांना अजून माझी ओळख पटलेली नाही, असा सगळा प्रकार होता. खिशात हात घातला तर किल्ली कोणती आणि बडीशेपेची पुडी कोणती, हे बाहेर काढून बघावं लागे. शर्टाची गुंडी लावायला बसलो की चहा निवून जाई. म्हणून मी 'लय उकडते' म्हणत बंडीवर राहायला लागलो, तेही पौष महिन्यात. तळपायांचं तर विचारूच नका. कुठंही चाललो तरी खाली कापसाची गादी अंथरल्यासारखं वाटायचं. राजेमहाराजे असेच चालत असतील, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालायचो.

किल्ली मिळाली. पहिल्याच दिवशी मोटारसायकल काढून शेतात गेलो. गाडी वाटभर किंचाळत होती. मला वाटलं, इतके महिने पडून होती, बिचारी रुसली असेल. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझा मित्र उभा होता. आमची शेतं लागून, आणि लहानपणापासून आमची भांडणंही लागूनच.

"काऊन बे," तो म्हणाला, "गावापासून पह्यल्याच गिअरमधी आला काय?"

पायानं गिअर पाडला, की नुसताच हवेत हलला, हे माझ्या पायाला कळलंच नव्हतं. मी म्हणालो, "इंजिन मोकळं करून राह्यलो होतो." त्यानं एकदा माझ्या पायाकडं पाहिलं. त्याचं असं पाहणं मला कधीच चांगलं वाटत नाही.

गिअरच्या प्रकरणातून सुटलो, पण चपलेतून सुटलो नाही. म्हणजे चप्पल सुटली, आणि मी अडकलो. झालं असं, की बाजाराच्या दिवशी मी संग्रामपूरला गेलो, वांगी घेतली, लसूण घेतला, ओळखीपाळखीच्यांना 'एकदम ठणठणीत' असं सांगत बाजारभर मिरवलो आणि एसटीतून गावच्या फाट्यावर उतरलो. पारावर चारपाच जण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, दुसरी चप्पल कुठं हाय?"

मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल. उजवा पाय उघडा, धुळीनं माखलेला, वर एक बाभळीचा काटा ऐटीत रुतलेला. चप्पल कुठं पडली, बाजारात की एसटीत, मला कसलाच पत्ता नव्हता. काट्याचाही नव्हता.

खरं सांगितलं असतं, तर ते माझ्याआधी घरी पोचलं असतं, आणि मरून खुर्ची पुढं येऊन उभी राहिली असती. तेव्हा तोंडाला आलं ते बोललो. "नवस हाय."

"एका चपलेचा?"

"मारुतीले बोललो होतो. बरा झालो तं रोडगे करीन. रोडगे होईपर्यंत एक पाय उघडा."

असला नवस आमच्या पंचक्रोशीत कोणी कधी ऐकला नव्हता. पण कॅन्सरमधून उठलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? उलट एका म्हाताऱ्यानं उठून माझ्या त्या धुळकट पायाला हात लावला. मला तो लागलाही नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको दारात उभी, डोळे भरलेले. "मले सांगतलं बी नाही! एवढा नवस बोलले अन् मनातच ठेवला?" मी तिच्याकडं न बघता वांगी पुढं केली. सगळं ठरूनच गेलं होतं. येत्या शनिवारी, शेताजवळच्या मारुतीपुढं, भावकी, शेजारपाजार, मित्रमंडळ, सगळ्यांना रोडगे. बायको म्हणाली, "अन् आरापाशी तुम्हीच बसा. बरे झाले म्हंता नं? मंग लोकायलेही दिसू द्या."

आता रोडगे म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, आत तुपाचे पदर दिलेले जाड गोळे. शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या, धूर निघून गेला आणि लाल आर झाला की पसरायचा, त्यावर रोडगे मांडायचे, उलटसुलट करायचे, मग गरम राखेत पुरून ठेवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. कणीक मळणं, थापणं, भाजी, वरण, सगळं बाया करतात, पण आरापाशी पुरुषच बसतात. का, ते कोणी सांगत नाही. कदाचित तेवढंच एक काम असं आहे, की जे केल्याचा देखावा दुरून छान दिसतो.

त्या आरापाशी गेली कित्येक वर्षं मी बसत आलो. त्यात माझा एक मान होता. रोडगा आतून झाला की नाही, हे फोडून बघायची आमच्याकडं सोय नाही. पहिला रोडगा मारुतीचा. त्याच्या आधी एक जरी फोडला तरी सगळे उष्टे. म्हणून राखेतून एक वर काढायचा आणि अंगठ्यानं मधोमध दाबायचा. कच्चा असला तर अंगठा आत रुततो. झाला असला तर रोडगा अंगठ्याला मागं ढकलतो. माझा अंगठा कधी चुकला नव्हता. शेजारच्या गावांतूनही मला बोलावणं यायचं. आणि आता तोच अंगठा मुंबईला नोकरीला लागलेल्या पोरासारखा झाला होता. होता, पण काही कळवत नव्हता.

खरं म्हणजे तेव्हाच माघार घ्यायला हवी होती. पण मी विचार केला, आज आरापाशी बसलो तर लोक मला बरा म्हणतील. नाही बसलो, तर पुढच्या सगळ्या लग्नांत, पंगतींत, कार्यक्रमांत माझी जागा ठरली: कडेला, सावलीत, उशीला टेकून.

शनिवारी सकाळी ट्रॉलीत भाजीचे गंज, म्हणजे मोठाले पातेले, निघाले, पत्रावळी निघाल्या, आणि बायकोनं कोणाला न विचारता ती मरून खुर्चीही चढवली. "असू द्या, थकसान तं." मी खुर्चीकडं पाठ करून बसलो.

शेतात पोचल्यावर मात्र मी रंगलो. गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, आर पसरला. मित्र समोर बसला होता लांब चिमटा घेऊन. रोडगे आरावर पडले. एक कडेला काळा पडायला लागला, तेव्हा मी सरळ हात घातला आणि उलटवला.

"बे, चिमटा घे!" मित्र ओरडला.

"चिमटा नवशिक्यायले लागते."

आणि खरंच, मला काहीच भाजत नव्हतं. मी उजव्या हातानं रोडगे उलटवत होतो, निखारे बाजूला सारत होतो, जसे अंगणात कोणी शेंगदाणे वाळत घालावेत. बाया पदर तोंडाशी धरून बघायला लागल्या. कोणी म्हणालं, "मारुतीची किरपा हाय, पाहा." पारावरच्या त्या म्हाताऱ्यानं हात जोडले. मी नम्रपणे खाली पाहिलं. असं पाहणं मला चांगलं जमतं.

राखेत पुरून झाले. वास दरवळला. पोरं पत्रावळी घेऊन घुटमळायला लागली. सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. मी ऐटीत एक रोडगा वर काढला, राख फुंकली आणि अंगठा दाबला.

काही नाही. अंगठा आत गेला की बाहेर राहिला, हे बघायला मी वाकलो, तर धुरानं डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा दाबला. रोडग्यानं मला ढकललं असेल, असं मला वाटलं. म्हणजे पूर्वी तो ढकलायचा, म्हणून आताही ढकललंच असेल.

"झाले!" मी हाळी दिली.

मारुतीची पूजा करणारे बाबा पुढं आले. नैवेद्याचा रोडगा त्यांनी ताटात घेतला, तूप ओतायला म्हणून मधोमध फोडला, आणि थांबले. दोन्ही हातांच्या बोटांना पांढरी कणीक लोंबत होती. बाबा शांतपणे म्हणाले, "हा तं अजून चक्कीतूनच नाही निंगाला."

दुसरा फोडला. तसाच. तिसऱ्याला कोणी हात लावला नाही.

मी लगेच कारणं द्यायला सुरुवात केली. गोवऱ्या ओल्या निघाल्या. वारा उलटा होता. आपलं खारं पाणी. कणीकही जरा सैलच मळलेली.

"कनीक मी मळली," बायकोचा आवाज आला.

मी कणीक मागे घेतली.

ती जवळ आली, कमरेवर हात ठेवून काही बोलणार होती, पण तिची नजर माझ्या हातावर गेली. तिनं मनगट धरून पंजा उलटा केला. "हे केव्हा झालं?"

"काय?"

मी पाहिलं. तळव्यावर आणि बोटांवर टपोरे फोड आले होते, द्राक्षांसारखे तट्ट फुगलेले. मी ते तिच्यासोबतच पहिल्यांदा बघत होतो, आणि माझ्या तोंडावरून तिला तेवढं कळलं.

"तुम्हाले दुखून नाही राह्यलं?"

मित्रच म्हणाला, "वहिनी, त्याले काही समजतच नाही. त्या दिवशी गावापासून पह्यल्या गिअरमधी आला."

"कवापासून?" तिनं मला विचारलं.

"इंजेक्शनापासून."

"अन् पायाचं?"

"पायाचंही."

"मंग ते चप्पल?"

सगळे ऐकत होते. भाजीचे गंजही ऐकत असावेत. "पडली होती," मी म्हणालो. "कुठं पडली, काही समजलं नाही. नवस मागून सुचला."

बाबा बोटांची कणीक पुसत म्हणाले, "सुचला कायच्यानं का असेना. मारुतीले कारन लागत नाही, रोडगे लागते. ते करा आता."

हसू फुटलं. पण बायको हसली नाही. तिनं मला विहिरीच्या पाईपाखाली नेलं आणि हात वाहत्या पाण्यात धरून ठेवला, खूप वेळ. एक जण हळद घेऊन आला, एक टूथपेस्ट घेऊन, कोणी कोरफड मोडून आणली. तिनं तिघांनाही हाकललं. मग स्वच्छ ओला रुमाल गुंडाळला. मला वाटलं, आता बोलणी बसतील. ती एवढंच म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मी खाऊन टाकलं असतं काय तुम्हाले?" आणि खुर्ची आली. मी बसलो.

तिकडं मित्रानं आराचा ताबा घेतला होता. त्यानं नव्या गोवऱ्या घातल्या आणि असा जाळ केला, की रोडगे नाही, वीट भाजली असती. मी खुर्चीवरून ओरडलो, "अबे, जाळ नको, राख लोट! वरून करपून राह्यले!"

"तू गप बस बे, बिनअंगठ्याच्या!"

"उलटव ते कडेचे!"

"कोनते कडेचे? सगळेच कडेचे हाय!"

भुकेनं लोक चिडचिडे झाले होते, आणि दोन शहाणे एकमेकांवर ओरडत होते. बायको एकदम उठली, पदर खोचला, आणि सगळ्या पुरुषांमधून वाट काढत आरापाशी जाऊन बसली. आमच्या गावात मी हे कधी पाहिलं नव्हतं. मित्र चिमटा धरून तसाच राहिला.

ती माझ्याकडं वळून म्हणाली, "सांगा. काय पाहू?"

मी खुर्ची पुढं ओढली. "थांबा तिथंच," ती म्हणाली. "दोन हात दूर."

मग मी सांगत गेलो आणि ती करत गेली. जाळ बाजूला लोटला, राख ओढली, रोडगे पुरले. वेळ गेला. तिनं चिमट्यानं एक वर काढला, फडक्यावर घेतला, राख झटकली आणि मधोमध अंगठा दाबला.

"आत जाऊन राह्यला," ती म्हणाली.

"कसा? भिजल्या मातीवानी का कानाच्या पाळीवानी?"

तिनं स्वतःच्या कानाची पाळी दाबून पाहिली. कानाला राख लागली. "मातीवानी."

"मंग पुरा परत."

पुन्हा काढला. "आता पाळीवानी."

"अजून थोडा."

तिसऱ्यांदा तिनं दाबला, आणि तिचा चेहरा बदलला. "अवो," ती म्हणाली, "ढकलते हा! उलटा ढकलते मले!" इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं इतक्या आनंदानं क्वचितच बघितलं असेल.

"झाले," मी म्हणालो. पण हाळी तिनं दिली.

बाबांनी फोडला तो भुसभुशीत, वाफाळता, पदर न्‌ पदर सुटलेला. तूप ओतलं की नाहीसं झालं. पंगत बसली तेव्हा दुपार कलली होती. मला जेवण भरवायला तिघीचौघी पुढं आल्या. मी म्हणालो, डावा हात चांगला हाय. वांगं त्या हातानं बंडीवर सांडलं, पण जेवलो.

संध्याकाळी गाडीची किल्ली मीच बायकोपुढं धरली. कोणी मागितली नव्हती. धरताना पहिल्या गिअरची सगळी हकिकत सांगितली, आणि गुंड्यांची, आणि बडीशेपेची. बडीशेपेला ती हसली, एकदाची. मग किल्ली कनवटीला लावून म्हणाली, "खुर्ची जिथं हाय तिथंच ऱ्हाईन. बसा नाहीतं नका बसू. पन डॉक्टरले सांगाचं."

सांगितलं. डॉक्टर रागावले. तेव्हाच बोलला असतात तर औषधाचं प्रमाण बदलून पाहिलं असतं, म्हणाले. आता वाट बघायची. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, काहींचं थोडं राहतं. तोवर रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, गरम वस्तू डोळ्यांनी तपासायची, मागून पट्टा असलेली सँडल घालायची. ती घालून मी शाळेतल्या पोरासारखा दिसतो. शेतात जातो, मित्राच्या गाडीवर मागं बसून. तो मुद्दाम गिअर बदलताना ओरडून सांगतो, "दुसरा! तिसरा!" सगळ्या रस्त्याला कळतं.

परवा पिंपळगाव राजाहून बायकोच्या मावसभावाचा फोन आला. त्यांच्याकडं रोडग्यांचा कार्यक्रम आहे. फोन मीच उचलला आणि मान ताठ करून म्हणालो, "येतो नं, आरापाशी बसाले."

"नाही, म्हंजे," तो घुटमळला, "ताईले द्या फोन. ताई येऊन राह्यली का, ते इचाराचं होतं."

मी फोन दिला. तिनं तारीख विचारली, गोवऱ्या कोरड्या आहेत का विचारलं, कणीक कोण मळणार विचारलं, आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "हाव, यांलेही आनतो सोबत. सांगाले लागते कोनी."